आमच्या मिशन शाळेत मुलंमुली एका वर्गात कधीपासून बसू लागली? (सोलापूर)

कंबरतलाव
रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात आत्याकडे दोन दिवस राहून आले. तिला आता ८४ वं चालू आहे. गुडघ्यांनी दगा दिलाय, पण डोकं लख्ख. दुपारी शेंगा फोडत बसलो होतो आणि बोलता बोलता तिच्या शाळेचा विषय निघाला. ती सोलापुरातल्या मिशनच्या शाळेत शिकली, १९४७ ते ५८. आम्ही ख्रिस्ती नाही. आजोबा विष्णू मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते, चाळीपासून शाळा चालत दहा मिनिटांवर आणि फी झेपण्यासारखी, म्हणून तिला तिथे घातलं.

आत्या सांगते, बालवर्गापासून चौथीपर्यंत ती मुलांच्या मांडीला मांडी लावून बसली. पाचवीत तिला मुलींच्या शाळेत घातलं. आठवीला परत मुलांच्या वर्गात. तेव्हा वर्गात चाळीसच्या आसपास मुलं आणि या सहाजणी. मी विचारलं, "म्हणजे तुमची शाळा मुलामुलींची एकत्र होती की वेगवेगळी?" तर म्हणाली, "दोन्ही की!"

मला हे कोडं उलगडेना. मुलींची वेगळी शाळा होती तर खाली एकत्र कशाला? आणि वर परत एकत्र का? हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं?

अजून एक. तिसरीत एका पोरानं तिची दगडी पाटी फोडली होती आणि मार मात्र घरी हिला बसला. त्या पोराचं नाव काही केल्या आठवत नव्हतं. "डावखुरा होता, बाप जुन्या मिलमध्ये," एवढंच सांगत राहिली. संध्याकाळपर्यंत तेच चाललं होतं तिचं.

आत्या आहे तोवर मला हे नीट लिहून ठेवायचंय. शाळेचं नाव मुद्दाम घातलेलं नाही, विषय एका शाळेपुरता राहू नये म्हणून. आपल्या घरातलं कुणी सोलापूरच्या मिशन शाळांत शिकलं किंवा शिकवलं असेल तर लिहा.


हिप्परगा
रविवार, रात्री ११.१५

ताई, आत्यांचं 'दोन्ही की' हेच बरोबर उत्तर आहे. थोडं मागून सुरुवात करतो.

या शाळा काढणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनची माणसं मुंबईत उतरली १८१३ च्या फेब्रुवारीत. मुंबईत मुलींसाठी त्यांची शाळा निघाली १८२४ साली. १८२७ मध्ये सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका अमेरिकेहून आली. लग्न न झालेल्या बाईला मिशननं समुद्रापार पाठवणं हे त्या काळी तिकडच्या लोकांनाही नवंच होतं. नगरचं ठाणं १८३१ चं. फरारबाई १८३९ पासून नगरला होत्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. जोतीराव फुल्यांनी नगरला जाऊन त्यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या होत्या, आणि सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे फरारबाईंकडे गिरवले. १८४८ ला पुण्यात भिडेवाड्यात जे घडलं त्याची एक मुळी अशी नगरला जाते.

सोलापूर या सगळ्यानंतरचं. १८६० ला रेल्वे आली आणि त्याच दशकात मिशनचं इथलं ठाणं उभं राहिलं. १८७७ ला इथली पहिली कापडगिरणी निघाली, तिलाच पुढे 'जुनी मिल' म्हणू लागले. मग गिरणगाव वाढत गेलं तशा शाळाही वाढल्या.

आता वेगळ्या शाळांचं. मुलगी शिकवायला तयार झालेला बाप तिला मुलांच्या वर्गात बसवायला तयार होईलच असं नव्हतं. शिकवायला बाई हवी, कंपाउंडला भिंत हवी, दारावर कुणीतरी म्हातारी बसलेली हवी, तेव्हा कुठे तो पोरीला पाठवायचा. म्हणून मिशननं शहरात मुलींसाठी स्वतंत्र शाळा काढल्या. आपल्याकडची वोरोनोको ही अशी मुलींची शाळा. कित्येक सोलापूरकरांना हे नाव कुणा मडमेचं वाटतं. ते खरं तर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका गावाचं नाव आहे, आणि तेही तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं. कुठल्या नदीकाठचा शब्द कुठे येऊन नांदला बघा.

बालवर्गाचं मात्र निराळं. मेरी हार्डिंग यांच्या नावाचं बालवाडी शिक्षिकांचं प्रशिक्षण विद्यालय सोलापुरात होतं, त्याला जोडून बालवाडीही. चार-पाच वर्षांच्या लेकरांत मुलगा कोण, मुलगी कोण याला कुठल्याच पालकाची हरकत नव्हती. खेड्यांतही तीच गत. एकच मास्तर, एकच ओसरी, तिथे वेगळी शाळा कुठून काढणार? मुली एका कडेला बसायच्या, पण धडा एकच ऐकायच्या.

म्हणजे खाली एकत्र, मधे वेगळं. वर परत एकत्र का झालं, ते शाळेत नोकरी केलेलं कुणी सांगू शकेल.


सातरस्ता
सोमवार, सकाळी ८.०५

सेंट जोसेफपण मिशनचीच ना? आमचे काका तिथले.


हिप्परगा
सोमवार, सकाळी ८.३०

नाही, सेंट जोसेफ कॅथलिकांची. अमेरिकन मराठी मिशन प्रॉटेस्टंट, त्यांचं सगळं कामकाज वेगळं. सोलापुरात 'मिशन शाळा' म्हटलं की दोन्हींची सरमिसळ होते, तरी काकांच्या आठवणी असतील तर लिहाच.


जुना_मास्तर
सोमवार, दुपारी ३.२०

मी मिशनच्या एका शाळेत १९७४ ते २००६ नोकरी केली. शाळेचं नाव मीही घेत नाही. माझ्या आधीच्या हेडमास्तरांकडून ऐकलेलं आणि जुन्या कागदांत वाचलेलं सांगतो.

वरचे वर्ग एकत्र करायचे असा कुणी ठराव वगैरे केलेला नव्हता. सातवीनंतर मुली राहायच्याच किती? सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा झाली की बहुतेकींची लग्नं लागायची. आठवीच्या पुढे इंग्रजी, बीजगणित, भूमिती, शास्त्र यांना वेगवेगळे शिक्षक लागतात, प्रयोगशाळा लागते. पाच-सहा मुलींसाठी हे सगळं वेगळं उभं करणं ना मिशनला परवडणारं होतं ना सरकारी अनुदानात बसणारं. अनुदान पटावर मिळतं. तेव्हा एक तर त्या मुलींना घरी बसवायचं, नाहीतर मुलांच्या वर्गात घ्यायचं. त्यांनी मुलींना वर्गात घेतलं. आत्याबाईंच्या त्या सहाजणी म्हणजे त्याच.

बसायची पद्धत मी नोकरीला लागलो तेव्हाही तीच होती. मुलींच्या दोन रांगा खिडकीकडे. हजेरीपटात आधी मुलांची सगळी नावं, मग मुलींची. तास संपला की मुलींनी आधी बाहेर जायचं, मग मुलांनी. मधल्या सुट्टीत मुली व्हरांड्याच्या एका टोकाला डबे उघडायच्या. वर्षानुवर्षं एका वर्गात असून एकमेकांशी एक वाक्य न बोललेली मुलंमुली मी पाहिली आहेत. एकत्र शिक्षण कागदावर आलं त्यानंतर कितीतरी वर्षांनी ते वर्गात आलं.

एक सुचवतो. पाटी फोडणाऱ्याचं नाव हवं असेल तर शाळेचं जनरल रजिस्टर बघा. हजेरीपट काही वर्षांनी रद्दीत जातात, जनरल रजिस्टर कायमचं ठेवायचं असतं. दाखल होईल त्या क्रमानं त्यात नाव चढतं. अनुक्रमांक, मुलाचं पूर्ण नाव, धर्म आणि जात, जन्मगाव, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात, पूर्वीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण आणि शेरा. जुन्या काही रजिस्टरांत पालकाचा धंदाही असतो.


पूर्वभाग
सोमवार, संध्याकाळी ७.१०

मास्तर, 'सोडण्याचं कारण' वाचून थांबले. माझी आई तिसरीत शाळेतून निघाली. आमच्याकडे घरी तेलुगू, गल्लीतही तेलुगू. आईनं मराठी पहिल्यांदा ऐकली ती शाळेत, बाईंच्या तोंडून. पहिले सहा महिने तिला काही कळायचं नाही. मग शेजारी बसणारा मुलगा तिला प्रत्येक शब्द तेलुगूत सांगायचा, तोही आमच्यासारखाच पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातला, आमच्याच बोळातला. बाईंनी मुद्दाम त्याला तिच्याजवळ बसवलं होतं. मुलींच्या रांगेत तेलुगू येणारी दुसरी कुणी नव्हती म्हणे.

तिसरीत आजी आजारी पडली आणि आई विड्या वळायला बसली. सकाळी कारखान्यातून पान-तंबाखू आणायची, दिवसभर पान कापायचं, भरायचं, दोरा बांधायचा, संध्याकाळी माल द्यायचा. तिच्या दाखल्यावर कारण 'घरकाम' असं लिहिलंय. घरात बसून केलं म्हणून घरकाम झालं, पण त्यावर घर चालायचं.

आजही आई दुकानाच्या पाट्या मोठ्यानं वाचते. रिक्षातून जाताना एकही सोडत नाही.


अभिजित००७
सोमवार, रात्री १०.२५

सगळं छान छान चाललंय, पण या शाळा धर्मांतरासाठी काढल्या होत्या हे कुणी लिहिणार आहे की नाही? शिक्षण हे निमित्त होतं.


हिप्परगा
सोमवार, रात्री ११.००

लिहायलाच हवं, आणि ते लपवलेलंही नाही. मिशनचे लोक आपला हेतू उघड सांगत. शाळेत रोज प्रार्थना आणि बायबलचा तास असायचा. वस्तीत 'बायबल बाई' फिरायच्या, त्याही मिशनच्याच पगारी. त्या हेतूला विरोध करणारेही पहिल्या दिवसापासून होते, पालक पोरं काढून न्यायचे, पुन्हा आणून घालायचे.

पण शाळा काढणाऱ्याचा हेतू आणि शाळेत जाणाऱ्याचा हेतू एकच असतो असं नाही. ताईंचे आजोबा विष्णू मिलमध्ये साच्यावर होते. मुलगी शिकावी म्हणून त्यांनी तिला त्या शाळेत घातलं. ती शिकली. शाळेचा इतिहास लिहायचा तर त्यात आजोबांचाही हेतू आला पाहिजे.


पाळकांची_नात
मंगळवार, सकाळी ६.५०

मी सहसा अशा चर्चांत पडत नाही. आज लिहिते.

आम्ही ख्रिस्ती आहोत, चार पिढ्या सोलापूरचे. माझे पणजोबा १८९९-१९०० च्या दुष्काळात अनाथ झाले. त्यांच्या घरातलं त्या वर्षी कुणी उरलं नाही. त्यांना मिशनच्या बोर्डिंगात आणून सोडलं तेव्हा ते सहा-सात वर्षांचे असतील. स्वतःची जन्मतारीख त्यांना कधीच कळली नाही, शाळेत घालताना कुणीतरी अंदाजानं लिहिली आणि आयुष्यभर तीच त्यांची जन्मतारीख. तिथे ते वाचायला शिकले, सुतारकाम शिकले, पुढे मास्तर झाले. पणजीही त्याच बोर्डिंगातली, मुलींच्या बाजूची.

'पोटासाठी बाटले' हे शब्द मी लहानपणी शाळेच्या मैदानात ऐकलेत. ज्याच्या घरचे सगळे भुकेनं गेले त्याच्या पोटाबद्दल असं बोलू नये. पणजोबांचा विश्वास मनापासूनचा होता. ते पहाटे उठून ओव्यांच्या चालीवर गीतं म्हणायचे, आजी सांगायची. नाताळात आमच्याकडे करंज्या-अनारसे होतात, दारात कंदील लागतो आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आम्ही होम मैदानावर जातोच. अभिजित, तुमचा प्रश्न चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण 'या शाळा' म्हणताना त्यात माणसं शिकली, हे ध्यानात असू द्या.


अभिजित००७
मंगळवार, सकाळी ९.१५

ताई, मला तुमच्या घराबद्दल बोलायचं नव्हतं. शब्द टोचला असेल तर माफी मागतो. पणजोबांबद्दल अजून लिहा.


नगरकर_मावशी
मंगळवार, दुपारी १.३०

मी नगरची, पण आजीमुळे सोलापूरशी नातं आहे. स्वातंत्र्याच्या आधी ती सोलापूरला हार्डिंगच्या नावाच्या त्या विद्यालयात बालवाडीचं शिक्षण घ्यायला गेली होती. परत आली तेव्हा ट्रंकेत दोन लुगडी, एक बायबल आणि एक लाकडी पेटी होती. ती पेटी आता माझ्याकडे आहे.

पेटी मुठीपेक्षा जरा मोठी. वरचं झाकण खाचेतून सरकतं. आत आठ ठोकळे, प्रत्येक एक इंचाचा, आठही एकत्र बसले की दोन इंचांचा एकच मोठा घन होतो. ही फ्रोबेलची तिसरी देणगी, म्हणजे मुलांना खेळता खेळता शिकवायचं साहित्य. फ्रोबेल हा जर्मनीतला शिक्षक, १८३७ मध्ये त्यानं लहान मुलांसाठी वेगळी शाळा काढली आणि पुढे तिला किंडरगार्टन म्हणजे मुलांची बाग असं नाव दिलं. आपल्याकडचा बालोद्यान शब्द तसाच. त्याची पहिली देणगी म्हणजे लोकरीचे सहा रंगीत चेंडू, दुसरी लाकडाचा गोळा, घन आणि नळकांडं, आणि तिसरी ही.

आजीनं मला पेटी उघडायची रीत शिकवली होती. ठोकळे ओतायचे नाहीत. पेटी पालथी टेबलावर ठेवायची, झाकण खालून हळूच ओढून काढायचं आणि मग पेटी सरळ वर उचलायची. टेबलावर अख्खा घन उभा राहतो. मुलानं आधी तो अख्खा बघायचा, मग हात लावायचा. खेळ संपला की परत अख्खा घन करूनच पेटीत घालायचा. माझा घन नेहमी ढासळायचा आणि आजी म्हणायची, "घाई कुणाची आहे?"

आठातले सात ठोकळे मूळचे आहेत, गुळगुळीत, फिकट. आठवा बाभळीचा, आजोबांनी नंतर सुताराकडून करून घेतलेला. तो जड आहे, हातात घेतला की लगेच कळतो.

आता तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध. आजी सांगायची, तिकडे सरावाच्या वर्गात पेट्या कमी आणि लेकरं जास्त. म्हणून एका पेटीला दोघं बसवायचे, आणि एक मुलगा एक मुलगी अशीच जोडी लावायची. दोन मुलगे बसवले की ठोकळे फेकायचे, असं तिचं मत. तिनं नगरला चाळीस वर्षं बालवर्ग घेतला आणि जोड्या शेवटपर्यंत तशाच लावल्या.


कंबरतलाव
मंगळवार, रात्री ९.००

मावशी, तुमचा प्रतिसाद आत्याला फोनवर वाचून दाखवला. ठोकळे म्हणताच ती म्हणाली, "पालथी घालायची ना पेटी? हात मागे बांधून बसायचं आधी." म्हणजे तिच्या बालवर्गातही हीच पेटी होती! मला अंगावर काटा आला. रीत जर्मनीतून निघाली, अमेरिकेवरून सोलापुरात आली, आणि सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर वर्षांनंतरही आत्याच्या हातांत आहे.


सेटलमेंटचा_नातू
बुधवार, रात्री १२.१०

दोन दिवस धागा वाचतोय. आमची बाजूही लिहिली पाहिजे.

सोलापुरात आजही 'सेटलमेंट' म्हणतात तो भाग कसा झाला हे नव्या पोरांना माहीत नाही. इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात आमच्यासारख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरल्या. १९११ ला तो कायदा मुंबई इलाख्यालाही लागू करता आला आणि सोलापूरला तारेच्या कुंपणात मोठी वसाहत झाली. कैकाडी, पारधी, टकारी, कितीतरी लोक. गिरण्यांना कामगार हवेच होते. बाहेर जायला पास, रोज हजेरी. काही वर्षं या वसाहतीचा कारभार अमेरिकन मिशनकडे होता.

वसाहतीत पोरांना शाळा सक्तीची होती. बाहेर सोलापुरात पोरगी शाळेत घालावी म्हणून समजूत काढावी लागायची, इथे कुणाला विचारलंच नाही. म्हणून मुलगे-मुली सरसकट एका शाळेत. माझी आजी त्यामुळे शिकली. तिच्या वयाच्या गावाकडच्या बायका अंगठा लावायच्या, आजी सही करायची. आणि त्याच आजीला लग्नाला जायचं तर पास काढावा लागायचा, वेळेत परत आलं नाही तर शिक्षा.

तुम्ही इतिहास लिहाल तर हे दोन्ही लिहा. आजी शाळेतल्या बाईंचं नाव प्रेमानं घ्यायची. कुंपणाबद्दल विचारलं की गप्प व्हायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, तो दिवस आम्ही विमुक्त दिन म्हणून पाळतो. आजीनं त्या दिवशी काय केलं ते मी तिला विचारलं नाही, आता विचारायला ती नाही.


जुना_मास्तर
बुधवार, सकाळी ११.४०

नातू, बरं केलंत लिहिलंत.

तुमच्या आणि अनेकांच्या उपयोगाची एक गोष्ट सांगतो. जात पडताळणीला जुना पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. ज्यांच्याकडे ना जमीन ना सातबारा, त्यांच्याकडे असा पुरावा कुठून येणार? आजा-पणजाचा शाळेचा दाखला किंवा जनरल रजिस्टराचा उतारा, एवढाच. मिशनच्या शाळा ज्या लोकांत होत्या त्यांच्यात जमीनवाले थोडे. माझ्या नोकरीत जून-जुलै आला की उताऱ्यासाठी रांग लागायची. इंजिनिअरिंगला नंबर लागलेला पोरगा आणि त्याचा बाप, दोघं घामाघूम, "सर, आजोबांचं नाव सापडतंय का बघा." साल नक्की माहीत नसायचं. तीन-तीन रजिस्टरं पहिल्या पानापासून बघायचो. नाव सापडलं की बाप आधी हात जोडायचा, पोरगा मोबाइल काढायचा.

धर्माच्या तासाबद्दलही नियम आहे. घटनेच्या २८ व्या कलमानं अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. ३० व्या कलमानं अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालवायचा हक्क आहे. या दोन कलमांमध्ये आमची शाळा चालली. माझ्या वेळी बायबलच्या तासाला दुसऱ्या वर्गात नीतिशिक्षण असायचं, ज्याला जिथे बसायचं तिथे बसावं.


कंबरतलाव
शनिवार, संध्याकाळी ६.३०

मास्तरांचं ऐकून आज शाळेत जाऊन आले. लिहिताना हात थरथरतोय, थोडं रागानंही.

ऑफिसातल्या शिपाईमामांनी मनापासून मदत केली. कपाट उघडलं. वरच्या खणात रजिस्टरं, पुठ्ठ्याच्या कव्हराची, कापडी कणा, एकेक हातभर लांब. १९४० ते ४५ चं रजिस्टर उचललं तर मागची निम्मी पानं कपाटाच्या फळीलाच चिकटून राहिली. वाळवी. कागदाची पार चाळण झालीय, बोट लावलं की माती. त्या पानांवर किती नावं असतील? मास्तर म्हणतात तसा कुणीतरी घामाघूम होऊन येईल आणि त्याला सांगतील, त्या सालचं रजिस्टर नाही. मी कार्यालयात विचारलं तर उत्तर आलं, खोली गळते, दुसरी जागा नाही, स्कॅनिंगला निधी नाही. मागच्या पावसाळ्याआधीही कुणीतरी हेच सांगून गेलं होतं म्हणे. मला फार वाईट वाटलं. लोखंडी कपाटाला आणि डांबरगोळ्यांना निधी लागत नाही.

पुढचं रजिस्टर मात्र धड आहे. १९४७ चा जून. निळी शाई, टाकानं लिहिलेली, वळणदार मोडीच्या धाटणीची देवनागरी. आणि एक गोष्ट बघून मी तिथेच बसले. मास्तर, तुम्ही हजेरीपटाबद्दल लिहिलं होतं ना, आधी मुलगे मग मुली. जनरल रजिस्टरात तसं नाही. जो आला तो चढला. दोन मुलगे, एक मुलगी, एक मुलगा, दोन मुली. पालकाचा धंदा: गिरणी, गिरणी, विणकर, हमाल, गिरणी, मिशनमध्ये स्वयंपाकी, रेल्वे, गिरणी. धर्माच्या रकान्यात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान एकाखाली एक. मग सोडल्याचं कारण. 'विडीकाम'. 'गाव सोडले'. 'मयत', तेही दोनदा, एकाच आठवड्यात, आडनाव एकच. 'लग्न', वय मोजलं तर बारा.

आत्याच्या ओळीत कारण आहे 'परीक्षा उत्तीर्ण'. त्या पानावर हे कारण तिघांचंच आहे.

पानांचे फोटो काढायला परवानगी मागितली. आधी नाही म्हणाले, मग हेडमास्तरांनी आत्याचं वय विचारलं आणि तिच्या पानाचा एक काढू दिला. सगळी रजिस्टरं टिपायची तर लेखी अर्ज द्या म्हणाले. अर्ज आजच लिहिते. कोण कोण सही करणार? आणि कसे काढायचे हेही सांगा.


हिप्परगा
शनिवार, रात्री ८.१५

सही माझी धरा. शिवाय माझ्याकडे स्टँड आहे, तो आणतो. फ्लॅश वापरायचा नाही, खिडकीचा उजेड पुरतो. पान बोटानं उलटू नका, खालून पातळ पुठ्ठा सरकवून उलटा. वाळवीनं चिकटलेली पानं सोडवायला जाऊ नका, आहेत तशी वरून टिपा. प्रत्येक फोटोत रजिस्टराचं साल लिहिलेली चिठ्ठी ठेवायची. फोटोंची एक प्रत शाळेलाच द्यायची, आणि लोकांची जात, जन्मतारीख असलेली पानं आंतरजालावर टाकायची नाहीत.


सेटलमेंटचा_नातू
शनिवार, रात्री ८.४०

मी येतो. लोखंडी कपाट एक आहे माझ्या दुकानात, रिकामंच आहे. टेम्पोनं आणून देतो.


पूर्वभाग
शनिवार, रात्री ९.०५

सही आणि मीही. डबा मी आणते सगळ्यांचा.


पाळकांची_नात
शनिवार, रात्री ९.३०

आमच्या चर्चच्या मंडळीत दोन जुन्या शिक्षिका आहेत, जुनं हस्ताक्षर भराभर लावतात. त्यांना विचारते. पणजोबांचं पान कुठल्या रजिस्टरात असेल कोण जाणे. माझीही सही.


जुना_मास्तर
शनिवार, रात्री १०.००

हेडमास्तरांशी मी बोलतो, माझे विद्यार्थी आहेत ते. अर्जात 'शाळेच्या उपयोगासाठी' हे शब्द पहिल्या ओळीत घाला. पावसाच्या आत उरकू.


कंबरतलाव
रविवार, दुपारी ४.५०

सगळ्यांचे आभार. अर्ज सोमवारी देते.

आज आत्याकडे जाऊन आले. तिच्या पानाचा फोटो टॅबवर मोठा करून दाखवला. स्वतःच्या ओळीवर बोट ठेवून बसली, बराच वेळ. वडिलांचं नाव, 'विष्णू मिल', जन्मतारीख अक्षरी. मग मी तिच्या वरचं नाव वाचलं, एका मुलीचं. तिला नीट आठवलं, तिचं घर कुठे, तिच्या आईच्या हातची चटणी कशी, सगळं.

मग खालची ओळ वाचली. मुलगा, बाप गिरणी कामगार, आणि धंद्याच्या रकान्यात गिरणीच्या पुढे 'जुनी' असं लिहिलेलं. सोडल्याचं कारण, 'कामास लागला', इयत्ता चौथी.

आत्यानं टॅब माझ्या हातातून घेतला, चष्मा वर केला आणि नाव स्वतः वाचलं. दोनदा वाचलं.

"हाच की बे तो," म्हणाली. "चौथीतच गेला होय कामाला? मला वाटलं शाळा बदलली." मग थोड्या वेळानं, "त्याची पाटी नव्हतीच गं. माझीच घ्यायचा लिहायला."